फुटली तर काय होईल?

काचवाल्याच्या स्वतःच्या दाराला आठ महिने पुठ्ठा होता. काचवाल्याची याहून मोठी बदनामी होऊ शकत नाही. गल्लीतल्या निम्म्या खिडक्या त्याच्या हातच्या, न्हाव्याचा आरसा त्याचा, शाळेत चेंडूने फुटणारी तावदानं वर्षातून चारदा बसवणार तोच. आणि याच्या पुढच्या दारात मधोमध पंख्याच्या खोक्याचा पुठ्ठा. पुठ्ठ्यावर एक जाड बाण आणि 'ही बाजू वर' अशी अक्षरं. लावणारीने तो उलटा लावला होता, त्यामुळे बाण जमिनीकडे बघत होता. येणारा-जाणारा मान वाकडी करून वाचायचा, हसायचा आणि पुढे जायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

लावणारी म्हणजे त्याची मेहुणी. काच फोडणारीही तीच. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून घरात तिला चिमणी म्हणायला लागले आणि ते नाव चिकटलं. आता ती त्रेपन्न वर्षांची होती, आत येताना दार भरून जायचं, आणि तिची चिवचिव तीन गल्ल्या ओलांडायची. मोठी बहीण गेल्यावर भावोजींच्या डब्याचं काम तिने स्वतःकडे घेतलं. एक दिवस डबा जसाच्या तसा परत मिळाला.

"आवडलं नाही?"

"भूक नव्हती."

"भुकेला काय धाड भरली? काल होती, आज गेली? मी उठून करायचं आणि तुम्ही झाकणसुद्धा उघडायचं नाही?"

तो काहीच बोलला नाही. चिमणीला उलट उत्तर चालायचं, गप्प बसणं चालत नसे. तिने डबा उचलला आणि जाताना दार असं काही ओढलं की काच खळ्कन खाली आली. मग ती पायरीवर बसून रडली, तो केरसुणी घेऊन आला, आणि दोघांनी मिळून बहिणीची काच सुपलीत भरली.

बहिणीची म्हणजे तिनेच निवडलेली. बावीस वर्षांपूर्वी. वरून कमानीसारखी गोल, आणि अंगावर उठावाची वेल. खालच्या काठापासून निघून पानापानाने कमानीपर्यंत चढलेली. त्या काचेतून पलीकडचं धड दिसायचं नाही, नुसता रंग दिसायचा. काचवाल्याच्या खिशात किल्ली असायची, तरी संध्याकाळी तो घंटा वाजवायचा. मग आत दूरवर एक रंग हलायचा. आधी पानांच्या मागे इकडे थोडा, तिकडे थोडा, मग जवळ येऊन एकदम मोठा व्हायचा. "किल्ली आहे ना तुमच्याकडे?" असं ओरडत ती दार उघडायची. एवढंच. रोज एवढंच, आणि तेवढ्यासाठी तो दिवसभर काचा कापायचा म्हटलं तरी चालेल.

ती वेल आता कुठला कारखाना बनवत नाही. पण दुकानाच्या मागच्या खोलीत, घोंगडीत गुंडाळून, तशीच एक काच उभी होती. दाराच्या मापाची, फक्त कमान कापायची बाकी. त्यावर बायकोच्या अक्षरातली चिठ्ठी: 'दारासाठी. विकायची नाही.' तिने ती बावीस वर्षं सांभाळली आणि तो तिला हसायचा. तिला तो बऱ्याच गोष्टींवरून हसायचा. आता ती चिठ्ठी त्याला टाचणीसारखी टोचायची.

मग घोडं अडलं कुठे? अडलं वरच्या उजव्या कोपऱ्यात. कुठल्यातरी हलवाहलवीत त्या कोपऱ्याला टवका उडाला होता आणि तिथून बोटभर तडा आत गेला होता. कमानीची रेघ जिथून जाणार, तिच्या दोन सुतं, म्हणजे जेमतेम पाव इंच, अलीकडे येऊन तडा थांबला होता. आता कमान कापायची म्हणजे तो कोपराच काढून टाकायचा. नीट निघाला तर तडाही त्याच्याबरोबर गेला. पण काढताना तडा रेघ ओलांडून आत पळाला, तर अख्ख्या काचेचे दोन तुकडे. दुसरी काच नाही.

शेजारच्या सुताराने यावर तोडगा काढला होता. सुतार म्हणजे त्याचा चाळीस वर्षांचा दोस्त. मिशी अशी की रंधा मारला तर भुसा आधी मिशीत अडकायचा.

"काच उलटी कर," सुतार म्हणाला. "चांगल्या टोकाला कमान काप. तडा गेलेला कोपरा खाली येईल, तिथे मी रुंद पट्टी मारतो. तडा झाकला. काम फत्ते. धोका शून्य."

"आणि वेल?"

"वेल काय?"

"उलटी होईल. वरून खाली लोंबेल."

"मग लोंबू दे की! कोण मान वाकडी करून बघतंय?"

"आठ महिने सगळी गल्ली बघतेय."

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये," सुताराने शेवटचं सांगितलं आणि रंधा उचलला.

म्हणजे हिशेब सरळ होता. उलटी वेल हवी असेल तर नक्की मिळेल. सुलटी हवी असेल तर मिळेल किंवा काहीच मिळणार नाही. आणि दोन्हीपैकी काहीच केलं नाही, तर घोंगडीतली काच शाबूत राहील आणि दाराला पुठ्ठा राहील. काचवाल्याने आठ महिने हा तिसरा मार्ग धरला होता. रोज सकाळी घोंगडी बाजूला करून तो कोपऱ्यावरून अंगठा फिरवायचा आणि परत झाकून ठेवायचा.

एके दिवशी चिमणी डबा घेऊन आली ती बातमी घेऊनच. ती मेंदूवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत चहा द्यायची आणि लाद्या पुसायची.

"भावोजी, उद्या सकाळी पाणीसुद्धा न पिता माझ्याबरोबर यायचं. तुमचं नाव दिलंय."

"कशाला?"

"मेंदू बघायला. साठीच्या पुढची माणसं मिळत नाहीयेत त्यांना."

"का मिळत नाहीत?"

"मिळतात, पण यंत्रात घातलं की झोपतात. मागचे आजोबा असे घोरले की बाईंना वाटलं यंत्र बिघडलं. मी सांगितलं, आमचे भावोजी झोपत नाहीत. रात्रीसुद्धा झोपत नाहीत, दिवसा काय झोपणार."

"चिमणे, माझ्या मेंदूत आहे काय बघायला?"

"तेच बघायचंय. नाही सापडला तर तसं लिहून देतील. मी भिंतीवर लावीन."

तर दुसऱ्या दिवशी कोरड्या घशाने तो तिथे गेला. मेंदूवाल्या बाई म्हणजे तिशीची मुलगी निघाली. डोळ्यांवर चष्मा, एक पेन कानावर, एक केसात आणि तिसरं ती शोधत होती.

"काका, अंगात कुठे धातू आहे का? खिळा, पट्टी, काही?"

"धातू नाही. अंगठ्यात काचेचं कुसळ आहे. तीस वर्षं झाली."

"काच चालते," ती हसून म्हणाली.

"चला, कुठेतरी चालते."

त्याला आडवं करून एका बोगद्यात सरकवलं. तोंडात नळी दिली, डोळ्यांसमोर आरसा, आरशात पडदा, आणि दोन्ही हातांत एकेक बटण. बाईंनी समजावलं ते असं: डावं बटण दाबलं की नळीतून संत्र्याच्या सरबताचा एक घोट मिळेल, नक्की. उजवं दाबलं तर पडद्यावरचं चाक फिरेल. चाकाचा काही भाग केशरी, काही पांढरा. काटा केशरीवर थांबला तर चार घोट. पांढऱ्यावर थांबला तर कोरडं. दर वेळी चाक वेगळं: कधी बरंच केशरी, कधी नखाएवढं. अशा साठ खेपा. डोकं मात्र हलवायचं नाही.

यंत्र सुरू झालं आणि त्याला वाटलं, आपल्याला पत्र्याच्या पिंपात बसवून कुणी बाहेरून हातोड्या मारतंय. घशाला कोरड पडली होती. पहिलं चाक आलं, अर्धं केशरी. त्याने डावं दाबलं. घोट आला. गोड, गार. दुसरं चाक आलं, जवळजवळ सगळं केशरी, फक्त एक पांढरी फोड. त्याने डावं दाबलं. डावं, डावं, डावं. कुठल्यातरी खेपेला अगदी नखाएवढं केशरी असलेलं चाक आलं आणि काय झालं कोण जाणे, त्याच्या उजव्या अंगठ्याने बटण दाबलं. चाक गरगर फिरायला लागलं. आणि हा एकसष्ट वर्षांचा माणूस, बायको गेल्यापासूनच्या चौदा महिन्यांत एकदाही न हसलेला, बोगद्यात पडल्या पडल्या फिस्सकन हसला. सरबत नाकात गेलं. बाहेरून आवाज आला, "काका, डोकं! डोकं हलवू नका!" काटा पांढऱ्यावर थांबला. त्याचं काही बिघडलं नाही. थोड्या वेळाने त्याने पुन्हा एकदा तसंच केलं, पुन्हा हरला आणि पुन्हा हसला.

बाहेर आल्यावर बाई कागदाकडे बघत डोकं खाजवत होत्या. तिसरं पेन तिथेच सापडलं.

"काका, साठपैकी अठ्ठावन्न वेळा तुम्ही एक घोट घेतलात."

"तहान लागली होती."

"हो, पण हे बघा. दहातले नऊ भाग केशरी होते तेव्हासुद्धा नाही म्हणालात. ते चाक दहा वेळा फिरवलं असतं तर साधारण छत्तीस घोट मिळाले असते. डाव्या बटणाने दहाच. आणि जिथे मिळायची आशाच नव्हती, नखभर केशरी, तिथे दोनदा फिरवलंत. हे मला कुठल्याच गणितात बसवता येत नाही."

"सोपं आहे," काचवाला म्हणाला. "नखभर असलं की ते आपलं नसतंच. गेलं तर काय गेलं? मजा म्हणून फिरवायचं. पण नऊ भाग असलं की ते हातात आल्यासारखं वाटतं. मग दहावा निघाला की..." तो थांबला. समोर चिमणी लादी पुसत होती. ती पुसायची थांबली. "हिच्या बहिणीच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, दहातल्या नऊ जणी बऱ्या होतात. चाक जवळजवळ सगळं केशरीच होतं."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्या वयाच्या माणसांना अशा वेळी काय बोलावं ते कळत नाही, आणि तिने उगीच बोलायचा प्रयत्न केला नाही हे त्याला आवडलं.

मग तिने त्याला त्याचा मेंदू दाखवला. राखाडी, सुरकुतलेला, चिरलेल्या अक्रोडासारखा. "हा ठिपका बघा. काही चांगलं मिळणार असं वाटलं की इथली हालचाल वाढते. किती मोठं मिळेल आणि मिळायची शक्यता किती, दोन्हीचं वजन इथे होतं. खूप वाटलं आणि मिळालं नाही, तर हालचाल नेहमीपेक्षाही खाली जाते. नुसतं न मिळाल्याने एवढी नाही जात. वाटलं होतं म्हणून जाते."

"बरोबर आहे याचं," काचवाला ठिपक्याकडे बघत म्हणाला.

"आणि तुम्ही डावं दाबत होतात तेव्हा हा ठिपका थंड. घोट मिळाला तरी फारसा हलला नाही. पण त्या दोन खेपांना बघा. तुम्ही हललात म्हणून चित्र थोडं पुसट आहे, पण कसा पेटलाय! आणि निकाल लागल्यावर नाही हं. चाक फिरत होतं तेव्हा."

"भावोजी हसले तेव्हा!" चिमणीने फडकं हातात धरूनच बोट नाचवलं. "आम्ही बाहेर सगळ्यांनी ऐकलं. मला वाटलं ठसका लागला. हसता हे मी विसरूनच गेले होते!"

मग तिला राहवेना. तिने दार, काच, पुठ्ठा, कोपरा, सगळं बाईंना सांगून टाकलं, फोडली कुणी ते सोडून. बाई खुर्ची पुढे ओढून ऐकत राहिल्या.

"शक्यता किती?" त्यांनी विचारलं.

"कशाची?"

"सुलटी वेल नीट निघायची. तुम्ही अशा तडा गेलेल्या काचा आधी कापल्या असतील ना?"

"पुष्कळ."

"त्यातल्या किती फुटल्या?"

तो विचार करू लागला. "फुटलेल्या सगळ्या आठवतात. न्हाव्याच्या जुन्या आरशाची, ती दवाखान्याच्या खिडकीची... नीट निघालेल्या कोण आठवत बसतंय?"

"मग तुम्हाला शक्यता माहीतच नाही, काका. नुसती भीती माहीत आहे. मोजून बघा. दहा तुकडे घ्या. शितावरून भाताची परीक्षा."

दुकानात साध्या काचेचे तुकडे ढिगाने पडलेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने दहा सारखे तुकडे काढले, प्रत्येकाच्या कोपऱ्याला मुद्दाम टवका उडवून बोटभर तडा पाडला, आणि पुठ्ठ्याची कमान ठेवून कापायला बसला. सुतार साक्षीदार म्हणून स्टुलावर. काचवाल्याने काच कापायच्या हिऱ्याचं टोक रॉकेलात बुडवलं आणि एका दमात रेघ ओढली. काच कापणाऱ्यांचा एक नियम आहे: रेघ शिळी होऊ द्यायची नाही. ओढली की लगेच खालून ठोकायची आणि तोडायची. ओढून बघत बसलं की काच मन बदलते.

त्या दिवशी तो बघत बसत होता. रेघ ओढायची, तडा बघायचा, दोन सुतांचं अंतर डोळ्यांनी मोजायचं, श्वास धरायचा, मग ठोकायचं. कट्. तडा आत. कट्. पुन्हा आत. दहापैकी सहा फुटल्या.

"झालं समाधान?" सुतार म्हणाला. "आता मुकाट्याने उलटी कर. मी सांगतो, ती काच सुलटी निघाली तर मी मिशी उतरवीन."

"कुणाच्या साक्षीने?"

"तुझ्या मेहुणीच्या. तिच्याइतकं गावभर कोण करणार?"

मेहुणी नाव काढताच आली. डबा आदळला, आणि आल्या आल्या सुरू झाली. नळाला पाणी नाही, वरच्या मजल्यावरच्या बाईने ओली चादर बरोबर हिच्या पापडासारख्या वाळलेल्या कपड्यांवर झटकली, संस्थेतल्या साहेबांना चहात साखर नको आणि बिस्किटं मात्र सहा लागतात. काचवाला उरलेले तुकडे गोळा करत होता. हाताला चाळा म्हणून त्याने एकाला टवका पाडला, रेघ ओढली, ठोकली, तोडली. "सहा?" तो म्हणाला. "सहा! मोजलीत मी! आणि सातव्याला म्हणतो कसा, नको बाई, पोट वाढतंय." दुसरा तुकडा. तिसरा. तो ऐकत होता, हुंकार देत होता, हात आपले चालले होते. तिचा जिभेचा पट्टा थांबला तेव्हा सुतार स्टुलावरून उठून टेबलापाशी आला होता.

"अरे," सुतार म्हणाला. "दहा कापल्यास."

"बरं मग?"

"नऊ निघाल्या."

काचवाल्याने टेबलाकडे पाहिलं. नऊ कमानी ओळीने पडल्या होत्या, स्वच्छ, गोल. आणि मग त्याला आठवलं, आणि तो स्टुलावर बसला. मोठी काच कापायची असली की बायको याच स्टुलावर येऊन बसायची. विचारायची, "फुटली तर काय होईल?" तो चिडून म्हणायचा, "नुकसान होईल!" ती म्हणायची, "छे, आवाज होईल." आणि मग कुठलंतरी रटाळ गाऱ्हाणं सुरू करायची. चौतीस वर्षं तो तिला म्हणत आला होता, कामाच्या वेळी तरी तोंड बंद ठेव.

"ती कामच करत होती," तो म्हणाला.

"कोण?" चिमणीने विचारलं.

"तुझी बहीण. गप्पा मारत नव्हती. कामच करत होती."

चिमणीला काही कळलं नाही, पण तिने लगेच डोळे पुसले. रडायच्या बाबतीत तिला कारण पूर्ण कळावं लागत नसे.

पण दहाव्या तुकड्याचे दोन भाग टेबलाच्या कडेला पडले होते. नऊ निघाल्या, एक फुटली. म्हणजे पुन्हा तेच चाक. नऊ भाग केशरी, एक पांढरी फोड. सगळ्या चाकांमधलं नेमकं हेच का यावं? त्याने घोंगडी उचलली, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि परत झाकली. असं त्याने आणखी तीन दिवस केलं. चौथ्या दिवशी घोंगडी उचलताना त्याच्या मनात आलं की डाव्या बटणाचा घोट गोड होता, गार होता, आणि आता त्यातला एकही आठवत नाही. हरलेल्या दोन खेपा मात्र नाकातल्या सरबतासकट आठवतात. त्याने घोंगडी खांद्यावर टाकली आणि सुताराला हाक मारली.

"रविवारी सकाळी. वस्तरा घेऊन ये."

रविवारी दुकानात ही गर्दी. सुतार, चिमणी, आणि मेंदूवाल्या बाई. त्यांना चिमणीने आमंत्रण दिलं होतं. येताना त्यांनी वही आणली होती आणि पेन विसरल्या होत्या. काच टेबलावर ब्लँकेट अंथरून त्यावर ठेवली होती, वेलीची बाजू खाली, गुळगुळीत बाजू वर. बायकोची चिठ्ठी काचवाल्याने खिशात ठेवली.

"चिमणे, स्टुलावर बस."

ती बसली.

"आणि बोलत राहा. थांबायचं नाही."

"काय बोलू?"

"तुला हे मी सांगायचं? नळाचं बोल, चादरीचं बोल."

डावा कोपरा त्याने नंतरसाठी ठेवला. तो चांगला होता, कधीही सहज निघाला असता. मग हिरा रॉकेलात बुडवला, उजवीकडे आला, आणि एका दमात रेघ ओढली. तड्यापासून दोन सुतांवरून हिरा कर्रर्र करत गेला. आता ठोकायचं. त्याने कान दिला. दुकानात चिडीचूप.

"बोल गं!"

चिमणी हातात पदराचा बोळा धरून बसली होती. तोंड उघडं, आवाज नाही. त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदा तिची वाचा बसली होती, आणि मुहूर्त हा निवडला होता.

"चिमणे! रेघ शिळी होतेय!"

"मला... मला काही सुचेना भावोजी! माझ्या हातून फुटली ना ती पहिली!"

"मी बोलू का?" बाई घाईने म्हणाल्या. "मेंदूच्या पुढच्या भागात जेव्हा..."

"नको नको नको!" सुतार ओरडला. "तू उलटी कर, अजून वेळ आहे, मी पट्टी आणलीय!"

काचवाल्याने पट्टीकडे पाहिलं, सुताराच्या मिशीकडे पाहिलं, चिमणीच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं. आणि बोगद्यात आलं होतं तसं पोटातून काहीतरी वर यायला लागलं. खांदे हलायला लागले. हसू दाबत त्याने मोठ्याने विचारलं, "फुटली तर काय होईल?"

आणि चिमणी, याच दुकानात कितीदा तरी ऐकलेलं, विचार न करता, हुबेहूब थोरल्या बहिणीच्या आवाजात ओरडली, "आवाज होईल!"

त्याने खालून ठोकलं. टक्, टक्, टक्, आणि दोन्ही हातांनी कोपरा मोडला.

आवाज झाला.

सगळ्यांनी डोळे मिटले होते. बाईंनी तर वही तोंडावर धरली होती. काचवाल्याच्या हातात कोपरा होता. टेबलावर काच होती. एक. अख्खी. नाही, अगदी अख्खी नाही: कमानीच्या उजव्या खांद्याला, तडा रेघेशी भांडून गेला होता तिथे, नखाएवढा टवका उडाला होता. बस.

"निघाली!" चिमणी किंचाळली. तिची वाचा परत आली होती आणि थकबाकीसकट आली होती. "निघाली हो भावोजी! मी म्हटलं नव्हतं? मी पहिल्यापासून म्हणत होते!"

"फुटली," सुतार म्हणाला. "हा बघ टवका. हे फुटणंच झालं."

"याला फुटणं म्हणतात?" बाई टेबलापाशी धावल्या. "हे तर... काका, हे चाकात कुठे होतं? केशरी की पांढरं?"

"काटा रेषेवर थांबला," काचवाला म्हणाला, आणि मग तो जो हसत सुटला तो खाली बसून हसला. त्याच्या हसण्याने बाई हसल्या, चिमणी हसता हसता रडली, आणि सुतार मिशीवर तळहात ठेवून एकटाच गंभीर उभा होता. बराच वाद झाला. शेवटी बाईंनी निवाडा दिला: टवका उडाला म्हणून अर्धी मिशी राहील, काच निघाली म्हणून अर्धी जाईल. सुतार म्हणाला, हा कुठला न्याय? चिमणी म्हणाली, बसा, आणि तिने स्वतः वस्तरा चालवला. त्यानंतर सुताराने टवक्यावर बसेल असं लाकडाचं इवलंसं पान कोरलं. अर्धी मिशी लावून, तोंड पाडून, पण पान फार सुरेख कोरलं. वेलीच्या बाकीच्या पानांत ते मिसळून गेलं.

संध्याकाळी दार पूर्ण झालं. पुठ्ठा काढून भिंतीला टेकवला, आणि आता त्याचा बाण वर होता. सुतार आणि बाई गेल्या. चिमणी आत जेवण गरम करत होती.

काचवाला बाहेर पायरीवर आला. दार ओढून घेतलं, हलकेच. वेल खालून वर चढली होती, पानापानाने, कमानीपर्यंत. खिशात हात घातला तर किल्ली आणि चिठ्ठी दोन्ही हाताला लागल्या. त्याने घंटा वाजवली.

आत दूरवर काही हललं नाही. मग एक रंग हलला. पानांच्या मागे इकडे थोडा, तिकडे थोडा. कोण येतंय ते त्याला चांगलं माहीत होतं. चाकाला केशरीचं नखसुद्धा नव्हतं. तरी छातीत काहीतरी गरगर फिरायला लागलं, आणि त्याने ते फिरू दिलं. रंग जवळ आला, एकदम मोठा झाला, अख्खी काच भरून गेली.

"किल्ली आहे ना तुमच्याकडे?" आतून चिमणी ओरडली.

"आहे," तो म्हणाला. "तरी तू उघड."